पायाचा निरोप आणि तुटलेली वाट

मज्जारज्जूकडे येणारे संवेदनांचे संदेश वाचून कृत्रिम अवयवांना 'जाणीव' देण्याच्या संशोधनाची ओळख

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून उशिरा झोपलेली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे त्या वेळी गाढ झोपेत होती. घरे माळवदाची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर, अशी त्यांची रचना. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्यानंतर बावन्न गावे नव्याने वसविण्यात आली.

दरवर्षी सप्टेंबर संपताना या भूकंपाची आठवण वृत्तपत्रांतून होते. मृतांचे आकडे छापले जातात, पुनर्वसनाच्या त्रुटींवर लिहिले जाते. वाचलेल्यांपैकी ज्यांच्या पाठीवर मातीदगडाचा भार पडला, त्यांच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. पाठीच्या कण्यावर असा आघात झाला, की मणका मोडतो. मोडलेला मणका महिन्या-दोन महिन्यांत जुळूनही येतो. परंतु त्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू एकदा चिरडला गेला की तो जुळत नाही. भूकंप रोज होत नसले तरी झाडावरून, विहिरीच्या काठावरून, बांधकामाच्या परातीवरून माणसे पडतात. रस्त्यांवरचे अपघात तर मोजण्यापलीकडे गेले आहेत. मज्जारज्जूच्या दुखापतीची ही दोन कारणे आपल्या देशात सर्वांत मोठी आहेत.

अशा रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, 'पाय हलतात का?' दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो : 'पाय कळतात का?' या लेखाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे.

दोन मुळे, दोन कामे

मज्जारज्जू हा मेंदूच्या तळापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत उतरणारा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आणि करंगळीएवढ्या जाडीचा दोर आहे. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. प्रत्येक तंतू दोन मुळांनी रज्जूला जोडलेला असतो. एक मूळ पोटाच्या बाजूचे, एक पाठीच्या बाजूचे.

या दोन मुळांची कामे वेगळी आहेत, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये त्याची पहिली चाहूल दिली आणि फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी यांनी १८२२ मध्ये ते प्रयोगाने दाखवून दिले. पुढच्या मुळातून आज्ञा बाहेर जातात, मागच्या मुळातून वार्ता आत येतात. स्नायू हलतो तो पुढच्या मुळामुळे. तो हलला हे कळते ते मागच्या मुळामुळे.

मागच्या मुळावर, दोन मणक्यांमधल्या खिंडीत, एक छोटीशी गाठ असते. शरीरातून मज्जारज्जूकडे संवेदना आणणाऱ्या पेशींची मुख्य शरीरे या गाठीत दाटीवाटीने बसलेली असतात. पायाच्या अंगठ्याची त्वचा, पोटरीचा स्नायू, घोट्याचा सांधा, मूत्राशयाची भिंत या सर्वांच्या वार्ता आपापल्या गाठीजवळूनच पुढे जातात. कोणत्या भागाची वार्ता कोणत्या गाठीत येते, याचा नकाशाही ठरलेला आहे. बेंबीभोवतीचा पट्टा छातीच्या दहाव्या मज्जातंतूचा, पायाचा अंगठा कमरेच्या पाचव्याचा, करंगळी आणि टाच त्रिकास्थीच्या पहिल्याचा. रुग्णाच्या अंगावर कापूस आणि टाचणी टेकवत डॉक्टर दुखापत कोणत्या पातळीवर आहे हे सांगतात, ते याच नकाशाच्या आधारे.

आता या विषयाचा गाभा. दुखापत छातीच्या मणक्यापाशी झाली असेल, तर तिच्या खालचे पाय, त्यांतली त्वचा, स्नायू, सांधे, त्यांचे तंतू आणि ती गाठ हे सारे जिवंत असते. पायावर निखारा पडला तर पाय आपले काम करतो, निरोप पाठवतो. तो निरोप गाठीपर्यंत येतो, मज्जारज्जूतही शिरतो. वर जाण्याची वाट मात्र तुटलेली असते. पाय मुका झालेला नसतो, मेंदूला त्याचे ऐकू येत नसते. मग तो निरोप वाटेतच, गाठीपाशी, यंत्राने वाचता येईल का?

निरोपाची लिपी

वाचायचे तर लिपी कळली पाहिजे. ती उलगडण्याचे पहिले मोठे श्रेय केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांच्याकडे जाते. १९२६ मध्ये त्यांनी स्वीडनहून आलेले सहकारी इंग्वे झॉटरमन यांच्यासह बेडकाच्या स्नायूतून येणारा एकच तंतू वेगळा काढला, स्नायूला वजने टांगली आणि तंतूतून जाणारे विद्युत्स्पंद मोजले. वजन वाढवले तेव्हा स्पंदाची उंची वाढली नाही. प्रत्येक स्पंद आधीच्या स्पंदासारखाच, सुमारे एका सेकंदाचा हजारावा भाग टिकणारा. वाढली ती स्पंदांची संख्या. थोडा ताण असेल तर सेकंदाला थोडे स्पंद, अधिक ताण असेल तर अधिक. शरीरातील संवेदनांची लिपी अशी एकाच अक्षराची आहे. ते अक्षर किती घाईने उमटते यात अर्थ असतो. एड्रियन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह विभागून मिळाले.

तंतू बोलतात ते आपापल्या विषयापुरते. स्नायूच्या आत दडलेल्या चातीच्या आकाराच्या संवेदकांचे तंतू स्नायू किती ताणला आहे आणि किती वेगाने ताणला जात आहे हे सांगतात. ते सर्वांत वेगवान, सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास निरोप नेणारे. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेतील संवेदक जोर किती लागला ते सांगतात. त्वचेतील काही संवेदक दाब सांगतात, काही कंप, काही नुसता ओझरता स्पर्श. दुखणे आणि ऊन-गार सांगणाऱ्या बारीक तंतूंपैकी काहींचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर इतकाच असतो. ठेच लागल्यावर आधी 'लागले' हे कळते आणि क्षणभराने कळ येते, त्याचे कारण हा वेगांतला फरक.

डोळे मिटून माणूस आपले नाक बोटाने अचूक पकडतो. अंधारात जिना उतरतो. हात-पाय कुठे आहेत हे न बघता कळण्याची ही जाणीव पंचेंद्रियांच्या यादीत नसते, त्यामुळे ती गेल्याशिवाय तिची किंमतही कळत नाही.

आठ पेशींची साक्ष

पाठीमागच्या मुळांत बारीक तारा बसवून चालत्या मांजराच्या पायातील निरोप ऐकण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात सुरू झाले. आर्थर प्रोचाझ्का हे त्या कामातील एक प्रमुख नाव. परंतु तारा मोजक्या, म्हणून एका वेळी कानावर येणारे तंतूही मोजकेच. अमेरिकेतील युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रोडच्या जाळीने ही अडचण बरीच दूर केली. सुमारे चार मिलिमीटर बाजूच्या सिलिकॉनच्या चौकोनावर दहा ओळींत दहा-दहा अशा १०० सुया, प्रत्येकीचे टोक पेशींचे स्पंद टिपणारे. मुळात मेंदूसाठी बनलेली ही जाळी कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या कमरेच्या सहाव्या आणि सातव्या गाठीत बसवली. (मांजराला कमरेचे मणके सात असतात, आपल्याला पाच.)

रिचर्ड स्टाइन, डग्लस वेबर आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल दिलेल्या मांजराचा मागचा पाय यंत्राने वेडावाकडा फिरवायचा, पाऊल कोठे आहे ते नोंदवायचे आणि त्याच वेळी शंभरापर्यंत पेशींचे स्पंद टिपायचे. मग उलटा प्रश्न विचारायचा : केवळ स्पंद दाखवले, तर पाऊल कोठे आहे ते सांगता येईल का? उत्तर आले की येईल, आणि चूक एक ते दोन सेंटिमीटरचीच राहील. त्याहून लक्षवेधी निष्कर्ष पुढे होता. शंभर पेशींची गरजच नव्हती. नेमक्या निवडलेल्या सहा ते आठ पेशी पावलाच्या स्थानातील ८० टक्क्यांहून अधिक चढउतार सांगून जात होत्या. त्यानंतर २००६ आणि २००७ मध्ये याच गटाने शुद्धीवर असलेल्या, चालत्या मांजरांतही हे वाचन करून दाखवले.

हे गणित वाटते तितके गूढ नाही. लातूरच्या बाजार समितीत तुरीचा किंवा सोयाबीनचा सौदा चालू असताना भिंतीबाहेर उभे राहून कोणी नुसता आवाज ऐकत असेल, अशी कल्पना करावी. एकच आडत्या ओरडत असेल तर भाव कळणार नाही. तो स्वभावानेच मोठ्याने बोलणारा असू शकतो. पण सहा-आठ जणांचे आवाज ओळखीचे झाले, कोण भाव चढताना बोलतो, कोण पडताना, कोण फक्त गडबड वाढली की बोलतो हे काही दिवस आत जाऊन पाहून ठेवले, तर पुढे आत न जाताही बाहेरच्या माणसाला बाजाराची चाल बरीचशी सांगता येते. पेशींचेही तसेच आहे. सुरुवातीला कॅमेऱ्याने पाय पाहत पाहत प्रत्येक पेशीच्या बोलण्याला किती वजन द्यायचे ते ठरवले जाते. त्या वजनांची बेरीज म्हणजे पावलाचे स्थान. एकदा वजने ठरली की कॅमेरा बंद करता येतो. स्टाइन आणि वेबर यांनी वापरलेली पद्धत अशी सरळ बेरजेची होती. पुढे अधिक अवघड गणिती पद्धती आल्या, तरी पायाभूत कल्पना तीच राहिली.

एक-दोन सेंटिमीटरची चूक मोठी की लहान? उंबरठा ओलांडताना पाऊल पुरेसे उचलले गेले की नाही एवढे ठरवायला ती पुरेशी आहे.

स्नायूला धक्का देणारे यंत्र आणि त्याची उणीव

हे वाचन हवे कशाला, असा प्रश्न येथे येतो. अर्धांगाच्या रुग्णाचे पाऊल चालताना खाली लोंबते. १९६१ मध्ये लिबरसन यांनी अशा रुग्णाच्या गुडघ्याजवळच्या तंतूला विजेचा हलका धक्का देऊन पाऊल उचलून दाखवले. धक्का केव्हा द्यायचा हे बुटाच्या टाचेखाली बसवलेले एक बटण ठरवत असे. त्यानंतर विजेच्या साह्याने स्नायू हलवण्याची अनेक यंत्रे आली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हंटर पेकहॅम यांच्या गटाने घडवलेल्या, हाताची पकड परत देणाऱ्या 'फ्रीहँड' यंत्राला १९९७ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली.

या यंत्रांची मुख्य उणीव अशी, की ती आज्ञा देतात आणि पुढे काय झाले ते त्यांना कळत नाही. स्नायू थकला, पाय अडखळला, जमीन उताराची निघाली तरी ठरलेला धक्का ठरलेल्या वेळी बसतोच. सांध्यांवर बाहेरून मोजपट्ट्या आणि संवेदक बांधून ही उणीव भरून काढता येते, पण रोज सकाळी इतके सगळे अंगावर चढवून कोण चालणार? शरीरात जन्मजात बसवलेले हजारो संवेदक शाबूत असताना त्यांच्यावर बाहेरून दुसरे बांधायचे, हेच मुळात विचित्र आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि एडमंटन या दोन्ही ठिकाणच्या गटांनी पाठीमागच्या गाठीतून वाचलेल्या संदेशांवर त्याच क्षणी स्नायूंचे धक्के कमी-जास्त करून मांजराच्या पायाची हालचाल नियंत्रित केली. पाय बोलला, यंत्राने ऐकले आणि त्याप्रमाणे पायाला पुढची आज्ञा दिली. मेंदूची तुटलेली वाट त्यात कोठेच आली नाही.

उलट दिशेने : मेंदूला जाणीव करून देताना

वाचता येत असेल तर लिहिताही येईल, या विचारातून दुसरा प्रवाह सुरू झाला आणि आजवर माणसांपर्यंत अधिक पोचला तो हाच. ज्याचा पाय कापला गेला आहे त्याच्याकडे संवेदक उरलेले नसतात, पण गाठ, मज्जारज्जू आणि वरची वाट शाबूत असते. म्हणजे किल्लारीच्या रुग्णाच्या नेमकी उलट स्थिती.

असाध्य वेदनांसाठी मज्जारज्जूजवळ इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा उपचार १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी सुरू केला. तो आता सर्वमान्य आहे आणि त्याच्या तारा बाजारात मिळतात. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी याच तारा मधोमध न ठेवता कडेला, म्हणजे मागची मुळे जिथे आत शिरतात तेथे ठेवल्या. हात गमावलेल्या चौघांवरील त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नसलेल्या हातात, बोटांत, तळव्यात काही तरी जाणवत असल्याचे त्या चौघांनी सांगितले. पुढचा अभ्यास गुडघ्याखाली पाय गमावलेल्या तिघांवरचा. तो २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत पहिले नाव आहे अमेय नानिवडेकर. मराठी वाचकाची नजर त्या आडनावावर थबकेल, म्हणून मुद्दाम उल्लेख.

या अभ्यासात कृत्रिम पायाच्या बुटात दाब मोजणारा बिनतारी तळवा बसवण्यात आला. जमिनीवर भार जितका अधिक, तितका मज्जारज्जूजवळील प्रवाह अधिक, आणि तितकी नसलेल्या पावलातली जाणीव ठळक. चालताना हे त्याच क्षणी घडत होते. एका सहभागी व्यक्तीचा तोल सावरण्याच्या चाचणीतील गुणांक १९ अंकांनी सुधारला. 'कापलेला पाय दुखतो' ही ऐकणाऱ्याला खोटी वाटणारी, पण भोगणाऱ्याला रात्र रात्र जागवणारी वेदना सरासरी ७० टक्क्यांच्या जवळपास कमी झाली. तीन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तारा अभ्यासापुरत्याच बसवल्या होत्या आणि नंतर काढून घेण्यात आल्या, हेही नोंदवले पाहिजे.

जाणीव परत मिळाल्याने हालचालीत किती फरक पडतो याचे नेमके मोजमाप पिट्सबर्गमध्येच झाले आहे. नेथन कोपलँड या तरुणाच्या मज्जारज्जूला २००४ मध्ये मोटार अपघातात इजा झाली होती. २०१५ मध्ये त्याच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्यात आले. विचाराने तो यंत्रहात हलवू लागला. नंतर यंत्रहाताच्या बोटांवरचा दाब उलट त्याच्या मेंदूच्या स्पर्शकेंद्राकडे पाठवण्यात आला. वस्तू उचलून ठेवण्याचा मध्यक वेळ आधी २०.९ सेकंद होता, तो १०.२ सेकंदांवर आला. हात तोच, माणूस तोच. 'हाताला लागले' एवढे कळू लागल्याने वेळ निम्मा झाला. हे निष्कर्ष २०२१ चे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, ओहायोतील बॅटेल संस्थेच्या संशोधकांनी आणखी विलक्षण गोष्ट दाखवली. पोहताना झालेल्या अपघातात मान मोडलेल्या इयन बर्कहार्ट यांना हाताचा स्पर्श जवळपास कळत नव्हता. तरीही त्यांच्या हाताला स्पर्श केल्यावर मेंदूत क्षीण खूण उमटत होती. मज्जारज्जू पूर्ण तुटल्याचे निदान झालेल्या माणसातही काही तंतू वाचलेले असतात आणि त्यांचा निरोप जाणिवेच्या पातळीखाली राहतो. यंत्राने तो उचलला आणि दंडावर बांधलेल्या कंप देणाऱ्या पट्टीतून त्यांना कळवला. गेलेली जाणीव अशी आडवळणाने परत आली.

मूत्राशयाची गोष्ट

चालण्याच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर दाखवल्या जातात. २०२३ मध्ये मेंदू आणि मज्जारज्जू यांना यंत्राने जोडून चाललेले नेदरलँड्सचे गेर्ट-यान ओस्काम जगभर झळकले. परंतु मज्जारज्जूच्या रुग्णांशी थोडे मोकळेपणाने बोलल्यास चालण्याच्या आधी ते दुसरीच गोष्ट सांगतात : लघवी. मूत्राशय भरले हे कळत नाही. ते तुंबते, दाब उलटा मूत्रपिंडांकडे जातो आणि संसर्ग वारंवार होतो. मूत्रपिंडे निकामी होणे हे या रुग्णांच्या मृत्यूचे एके काळी प्रमुख कारण होते. दर काही तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हा आजचा सर्वांत भरवशाचा उपाय. घरात स्वच्छ जागा आणि पाणी नसेल, तर हा साधा उपायही अवघड होतो. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल.

इंग्लंडच्या जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मूत्राशयाच्या पुढच्या मुळांना विद्युत्प्रवाह देणारे यंत्र माणसात बसवले. बटण दाबले की मूत्राशय रिकामे. हे यंत्र पुढे हजारांहून अधिक रुग्णांना बसवण्यात आले. त्याची किंमत मात्र विचित्र आहे. मूत्राशय आपोआप आकुंचन पावू नये म्हणून मागची, म्हणजे संवेदनेची मुळे कापावी लागतात. उरलीसुरली जाणीवही त्यात जाते. मागच्या गाठीतील संदेश वाचून मूत्राशयातील दाब ओळखण्याचे आणि गरज पडेल तेव्हाच प्रवाह देण्याचे काम टिम ब्रन्स यांच्या गटाने मिशिगन विद्यापीठात पुढे नेले आहे. प्रयोग मुख्यत: मांजरांवरचे आहेत. या संशोधनाच्या सर्व शाखांत मला सर्वाधिक निकडीची वाटते ती हीच, आणि तिला प्रसिद्धी सर्वांत कमी.

अडते कोठे

गाठीत रुतवलेल्या सुया आठवड्या-महिन्यांत शरीराने विणलेल्या व्रणपेशींनी झाकल्या जातात. आज स्पष्ट ऐकू येणारी पेशी महिन्याने क्षीण होते, दुसरीच ऐकू येऊ लागते आणि ठरवलेली वजने निरुपयोगी होतात. गाठ मणक्यांच्या अरुंद खिंडीत. माणूस वाकला, वळला की तारेवर ताण येतो. शिवाय कमरेच्या खालच्या भागातील दुखापतीत मज्जारज्जूऐवजी मुळेच चिरडली जातात. अशा रुग्णात वाचण्यासारखा निरोपच गाठीपलीकडे सुस्थितीत असेल याची खात्री नसते.

तंत्राइतकीच दुसरी अडचण बाजाराची आहे. मंजुरी मिळालेले 'फ्रीहँड' यंत्र रुग्णांना उपयोगी पडत असूनही २००१ च्या सुमारास कंपनीने ते विकणे थांबवले. विकत घेणारे पुरेसे नव्हते. शरीरात यंत्र असलेल्या माणसांनी दुरुस्तीसाठी कोणाकडे जायचे, हा प्रश्न मागे राहिला. असे यंत्र उद्या आपल्याकडे आले, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.

आपल्याकडे

महाराष्ट्राला या दुखापतीची ओळख युद्धांनी करून दिली. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. मज्जारज्जूच्या दुखापतीने अपंग झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र त्याहून जुने, १९४४ चे. मुंबईत हाजीअली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. ही यादी वाचताना लक्षात येते, की सारे पुणे-मुंबईत आहे. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, नांदेडहून त्याहूनही लांब.

नांदेडच्या विष्णुपुरीत मात्र एक जुळून आलेली गोष्ट आहे. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या तिन्ही संस्था एकाच परिसरात, गोदावरीच्या काठाने आहेत. मापन-उपकरणशास्त्र शिकवणारा विभाग एकीकडे आणि मज्जारज्जूच्या रुग्णांचा वॉर्ड दुसरीकडे, मध्ये रिक्षाचे अंतर. दाब मोजणारा बुटाचा तळवा किंवा मूत्राशय भरल्याची सूचना देणारे बाहेरून लावायचे साधे उपकरण यांसाठी एडमंटनची प्रयोगशाळा लागत नाही. 'लातूर पॅटर्न'मधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या डॉक्टर-अभियंत्यांच्या प्रदेशाने एवढी अपेक्षा ठेवणे जास्त होणार नाही.

यंत्रे येतील तेव्हा येतील. अपघातस्थळी जखमीला हातापायांना धरून उचलणे, मांडी घालून बसवणे, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे यामुळे अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पूर्ण तुटू शकतो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून, लाकडी फळीवर किंवा दारावर आडवे घ्यावे. अंथरुणावरील रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दाबलेली त्वचा तक्रार करते आणि मेंदू तिचे ऐकतो. या रुग्णाच्या त्वचेची तक्रार कोणाला ऐकू जात नाही आणि तिथे जखम होते. हाडापर्यंत जाणाऱ्या या जखमांनी घर आर्थिकदृष्ट्याही पोखरले जाते. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, दुचाकीचा तापलेला सायलेन्सर यांपासून बधिर पाय लांब ठेवावेत.

पिट्सबर्गच्या अभ्यासातील तिघांपैकी एकाचा पाय अपघाताने गेला होता. उरलेल्या दोघांचे पाय गेले ते मधुमेहामुळे तंतू बधिर झाल्याने. त्यांच्या मज्जारज्जूला धक्काही लागलेला नव्हता. मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायाची जाणीव तपासण्यासाठी नायलॉनचा एक धागा वापरतात. तो त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या भाराला वाकतो. रुग्णाने डोळे मिटून 'लागले' किंवा 'नाही लागले' एवढेच सांगायचे असते. तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. मधुमेह असणाऱ्यांनी ती वर्षातून एकदा मागून करून घ्यावी, आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे आरशात किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत.